शून्याची माफी

"अहो मोरे, मासा दिसतच नाही!"

दुकानात येणाऱ्या निम्म्या फोनांची सुरुवात याच वाक्यानं व्हायची. रविवार कारंजाजवळच्या एका बोळात माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. 'शोभेच्या' हे मुद्दाम सांगतो, कारण पहिल्या वर्षी नुसती 'मासे' अशी पाटी वाचून दोघं-तिघं पिशवी घेऊन आले होते आणि बांगडा ताजा आहे का, म्हणून विचारत होते. पुढे नव्वदीच्या दशकात नाशिक पसरलं. गंगापूर रोडला, इंदिरानगरला फ्लॅट झाले, फ्लॅटला मोठे हॉल आले, आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी काहीतरी हवं म्हणून लोक माझ्याकडे वळले. मी टाकी बसवून द्यायचो, मासे सोडून द्यायचो आणि महिन्यातून एकदा मोपेडवरून जाऊन टाकी साफ करून यायचो.

संपादकांनी 'धंद्यातल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत आणि त्या सांगतोही. पण मला मनातून लिहायचंय ते बर्वेबाईंबद्दल. त्याला धीर लागतो, म्हणून आधी जरा धंद्याचं बोलून घेतो.

ज्यांना मासा दिसत नसे, त्यांच्याकडे बहुधा ऑस्कर असायचा. हा शिकारी मासा. बोटाएवढा आणला तर वर्षभरात वीतभर होतो. काळ्यावर तांबडे ओघळ, जाड ओठ, आणि तोंडात मावेल ते गिळायचं, हा त्याचा स्वभाव. असला गुंड घरात आणला म्हणजे तो छाती काढून फिरेल अशी लोकांची समजूत. प्रत्यक्षात हा गुंड फिल्टरच्या मागे जाऊन जो बसायचा, तो आठ-आठ दिवस तोंड दाखवायचा नाही. माझा अनुभव असा, की जो दुसऱ्यावर दबा धरून जगतो, त्याला आपल्यावरही कुणीतरी दबा धरून बसलंय असं सारखं वाटत असतं. माणसांतही असे पाहिलेत, पण तो विषय वेगळा.

मासा लपतोय म्हटल्यावर लोक काय करायचे? टाकीतले दगड, झाडं काढून टाकायचे, म्हणजे लपायला जागाच नको. वर झगझगीत ट्यूब लावायचे आणि काचेवर टकटक करायचे. मी जाऊन सगळं उलटं करायचो. ट्यूब बंद. कुंभाराकडून बूड फुटलेली कुंडी आणून टाकीत आडवी ठेवायची. "दिसत नाही म्हणून तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही त्याला लपायला घर बांधून देताय होय?" असं म्हणून लोक वैतागायचे. पण पळायला जागा आहे अशी खात्री पटली की मासा आपणहून बाहेर येतो. शिवाय सोबतीला चार चपटे, चपळ मासे सोडायचे, अर्थात त्याच्या तोंडात न मावणारे. लग्नात पहिल्या पंगतीला कुणी उठत नाही, चार पोरं जाऊन बसली की मग सगळे उठतात, त्यातलाच हा प्रकार. बारके मासे बिनधास्त फिरताना दिसले की मोठ्यालाही धीर येतो.

यातला सगळ्यात मोठा उपाय मात्र मला एका शेतकऱ्यानं शिकवला. देवळ्याचे बापू. कांद्याचा व्यापार करायचे, मुलांच्या शिक्षणासाठी गंगापूर रोडला घर घेतलं होतं. त्यांच्या ऑस्करपुढे मी हात टेकले होते. कुंडी झाली, सोबती झाले, तरी हा आपला कोपऱ्यात. मी आपला पाण्याला दोष देत होतो, तेव्हा बापू सुपारी कातरता कातरता म्हणाले, "भाऊ, पानी चांगलं शे. हाऊ बुजेल शे. बैल बुजना तं आपण काय करतस? डोयाले झापड लावतस."

पाण्याचा दोष नाही, मासा बुजलाय; बैल बुजला की डोळ्यांना झापड लावतात. मला एकदम उजेड पडला. टाकीला चार बाजूंनी काच, म्हणजे त्या जिवाला चारही बाजूंनी हालचाल दिसणार. मी जुनी वर्तमानपत्रं घेतली, मागची आणि दोन्ही बाजूंची काच झाकून टाकली, फक्त समोरची उघडी ठेवली. आठवड्याभरात बापूंचा मासा टाकीच्या मधोमध फिरायला लागला. तेव्हापासून माझ्या गिऱ्हाइकांत या उपायाचं नावच 'झापड' पडलं. "मोरे, आमच्याकडे झापड लावून जा," असे फोन यायचे. शेजाऱ्यांना ते ऐकून काय वाटत असेल, देव जाणे.

झापडीनंतर यायचा फरशीचा नियम. हा मात्र माझा स्वतःचा शोध. माशाला माणसाची सवय करायची, तर खुर्ची आधी पार समोरच्या भिंतीला लावायची. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास तिथं गप्प बसायचं. दर आठवड्याला एक फरशी पुढे सरकायचं. मासा दचकून पळाला की एक फरशी मागे. गुपचूप बसणं हे आपल्या लोकांना किती अवघड जातं, ते मला या धंद्यात कळलं. बहुतेकांचा नियम तिसऱ्या फरशीवर मोडायचा.

पुढे दोन हजार सालानंतर वास्तूचं खूळ आलं तेव्हा तर बोलूच नका. एका गृहस्थांनी कुणाच्या तरी सल्ल्यावरून टाकी थेट मुख्य दाराला लागून ठेवली. दार आपटलं की मासा तळाला. मला बोलावून म्हणतात, "मोरे, लक्ष्मी लपून बसलीय!" मी म्हटलं, "साहेब, लक्ष्मी दारात नाही बसत, घरात बसते. आत घ्या तिला." त्यांना ते एवढं पटलं की टाकी आत घेतलीच, आणि हे वाक्य स्वतःचं म्हणून चार जणांना सांगितलंही.

तर बर्वेबाई. इंदिरानगरला एकट्या राहायच्या. यजमान जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा श्रीरंग नोकरीनिमित्त बेंगळूरला. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दुकानात आल्या त्या गोल्डफिश घ्यायला, घरात काहीतरी हलतं असावं म्हणून. पण कोपऱ्यातल्या टाकीपाशी थांबल्या. तिथं बोटाएवढा ऑस्कर नळीमागे तोंड खुपसून बसला होता.

"हा का तोंड लपवून बसलाय?"

"बुजरा आहे. मी त्याच्या वाटेला सध्या जातच नाही."

"मग हाच द्या. शेवटच्या बाकावरच्याला मी कधी सोडलं नाही."

या माशाच्या शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका असतो, भोवती केशरी कडं. बाईंच्या माशाचं कडं अगदी कंपासनं काढल्यासारखं गोल होतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं शून्य. मी इतकी वर्षं फरशीचा नियम लोकांना सांगितला, पण तो पुरा पाळणाऱ्या बर्वेबाई एकट्याच. शब्दकोडं घेऊन भिंतीशी बसायच्या. आलेखाच्या कागदावर आडवे आठवडे आणि उभ्या फरश्या अशा नोंदी ठेवल्या होत्या. मी टाकी साफ करायला गेलो की तो कागद मला दाखवायच्या, जशी काही मीच वही तपासणार होतो. अडीच महिन्यांत खुर्ची टाकीला टेकली आणि शून्य त्यांच्या बोटांतून दाणे खायला लागला. पाणी बदललं की तो आडवा पडून राहायचा. ऑस्करची ही खोडच आहे. "रुसलाय," मी म्हणायचो. मग बाई त्याची समजूत काढत बसायच्या. चार वर्षं असं चाललं.

मग सुनेचं बाळंतपण आलं. बाईंना तीन महिने बेंगळूरला जायचं होतं. बोहणीच्या वेळेलाच त्या रिक्षातून बादली घेऊन दुकानात आल्या, शून्य बादलीत. मागच्या खोलीतली एक टाकी मी त्यांच्यासमोरच तिन्ही बाजूंनी झाकून घेतली. कुंडी त्यांनी घरूनच आणली होती.

"मोरे, याला मागेच ठेवा. पुढे गिऱ्हाइकांत नको."

"बाई, मला सांगताय?"

त्या हसल्या. काचेजवळ वाकून म्हणाल्या, "येते हं, शून्या." आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. बाई माशाशीही तसंच बोलल्या.

दिवाळी आली. दुकानात गर्दी. समोरच्या टाकीतला माझा मोठा मासा विकला गेला होता आणि दर्शनी जागा रिकामी दिसत होती. मला वाटलं, चारच दिवसांचा प्रश्न. शून्य माणसाळलेला आहे, हातातून खातो, लोक बघत राहतील. मी त्याला पुढच्या टाकीत आणलं. झापड लावली नाही. झापड लावली तर गिऱ्हाइकांना दिसणार कसा? सगळ्या नाशकाला जे मी शिकवत फिरलो, ते माझ्याच दुकानात मी विसरलो, असंही म्हणता येत नाही. मला सगळं आठवत होतं. मी कानाडोळा केला.

दोन दिवस त्याच्याभोवती गर्दी होती. लोक किल्ल्यांनी काच वाजवायचे, मी तेवढ्यापुरतं "अहो, नका" म्हणायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे एकला शटर ओढून मी जेवायला घरी गेलो. चारला आलो तर टाकीवरचं झाकण वीतभर सरकलेलं आणि शून्य टाकीमागे फरशीवर पडलेला. कोरडा झाला होता. बाहेरून कुणी शटर वाजवलं असेल, फटाका उडाला असेल, तो उसळला असेल. मी त्याला पाण्यात धरून पुढे-मागे फिरवत राहिलो, पाऊण तास. त्याचा काही उपयोग नव्हता, मलाही ते माहीत होतं.

बाईंचा बेंगळूरचा नंबर माझ्याकडे होता. नातू होऊन चार दिवस झाले होते. अशा आनंदात कशाला सांगायचं, असं मी स्वतःला म्हटलं. पळवाट काढायला माणसाला चांगलं कारण मिळालं की तो लगेच पकडतो.

त्याच महिन्यात बापू नाशिकचं घर बंद करून देवळ्याला परत निघाले होते. त्यांचा ऑस्कर जवळजवळ शून्याएवढाच, रंगही तोच. फक्त शेपटीवरचं कडं खालून उघडं, घोड्याच्या नालेसारखं. मी मागितला तर बापूंनी लगेच दिला. कुणासाठी हवा, ते मी त्यांना खरं सांगितलं. त्यांचा अडकित्ता थांबला.

"बाईले खरं सांगी दे, भाऊ. मासा मरना तं मरना, त्यामा काय शे? मानूस चुकस."

"सांगतो," मी म्हटलं.

संक्रांतीनंतर बाई आल्या. मी मासा आधीच त्यांच्या घरी नेऊन सोडला होता, शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन. टाकीला झापड, आत तीच कुंडी. बाई प्रवासाची साडीही न बदलता टाकीसमोर गेल्या. "आले रे शून्या!" मासा कुंडीत शिरला आणि तिथून हलला नाही. चार वर्षं बापूंच्या घरी माणसाळलेला जीव मी एका पिशवीत घालून परक्या घरात आणून टाकला होता. त्यानं आणखी काय करावं?

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. बाई चष्मा लावून काचेला नाक टेकवून बसल्या होत्या.

"मोरे, याचं शून्य मिटलेलं नाही. खालून उघडं आहे."

गणिताच्या बाई त्या. मी पिशवीतून जाळी काढायला वाकलो. तेवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, "इतके दिवस सोडून गेले, म्हणून रागावला असेल का? रंग उडतो का यांचा रागानं?"

उत्तर त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं. ऑस्करचा रंग घाबरला की बदलतो, हे खरं आहे. त्यामुळे मला पूर्ण खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. "हो, बदलतो ना रंग," मी म्हटलं, "रुसलाय तो." या एका वाक्याची मला आजही शरम वाटते.

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल. चूक माझीच आहे. 'येते' म्हणाले आणि तीन महिने आले नाही." एवढं बोलून त्यांनी खुर्ची उचलली आणि समोरच्या भिंतीला नेऊन लावली.

आलेखाचा नवा कागद सुरू झाला. पण मोठा झालेला मासा पुन्हा विश्वास टाकायला फार वेळ लावतो. दोन फरश्या पुढे, एक मागे. पावसाळ्यात विजा कडाडल्या, पुन्हा भिंतीपाशी. मी दर महिन्याला जायचो आणि दर वेळी सांगायचं ठरवून जायचो. बाई चहा करायच्या, कागद दाखवायच्या, आणि मी "होईल, होईल" म्हणून निघून यायचो. हळूहळू त्यांनी सकाळचं फिरायला जाणं सोडलं. ठरलेली वेळ चुकली तर तो आणखी रागावेल, म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर एकदा मी फिल्टरचा स्पंज पिळत होतो, तेव्हा श्रीरंगचा फोन आला. नातवाचा पहिला वाढदिवस होता.

"नाही रे, या वेळी नाही जमणार," बाई म्हणत होत्या. "टाकीपासून तिसऱ्या फरशीवर आलेय मी आता. पुन्हा सोडून गेले तर तो कायमचा तोंड फिरवेल." पलीकडून तो काहीतरी मोठ्यानं बोलला असावा, कारण बाईंनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. "माशासाठी नाही रे राजा. मी एकदा शब्द मोडलाय, म्हणून."

सहा हातांवर मी उभा होतो. 'बाई, जा तुम्ही, हा शून्य नव्हेच,' एवढंच म्हणायचं होतं. मी स्पंज पिळत राहिलो. त्यातलं पाणी कधीच स्वच्छ झालं होतं.

बाई वाढदिवसाला गेल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात एक दिवस सकाळी दुकानात फोन आला. "मोरे, खाल्लं हो! हातातून खाल्लं!" बाई सांगत होत्या. "माफ केलं त्यानं मला." दुपारी त्या स्वतः पेढे घेऊन आल्या. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही मला इतके पेढे कुणी दिले नसतील. "तुमच्यामुळे झालं," म्हणाल्या. मी पेढा खाल्ला. त्यांच्यासमोर न खाणं शक्यच नव्हतं.

तो मासा आणखी सहा वर्षं जगला. तो गेल्यावर बाई घर आवरून मुलाकडे राहायला गेल्या. जाताना दुकानात येऊन "येते हं, मोरे" म्हणाल्या. माझं दुकान बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. बापूही राहिले नाहीत. भेटले की विचारायचे, "सांगं का रे बाईले?" बाईंना सांगितलं, अशा अर्थी मी मान डोलवायचो. त्यांचा विश्वास बसत नसावा.

गेल्या वर्षी बेंगळूरहून फोन आला. श्रीरंग. आई गेल्याचं त्यानं सांगितलं, तिच्या वहीत माझा नंबर सापडला म्हणाला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला माहीत असेल. त्या माशाचं नेमकं काय होतं? माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला ती आली नाही. एका माशासाठी. मी खूप बोललो होतो तिला. पुढे ती इथं येऊन राहिली, पण माझ्या मनातून ते पुरतं गेलं नाही. ती विचारायची, तू अजून रागावलास का? मी नाही म्हणायचो."

तेव्हाही मला संधी होती. आता तर बाईंच्या तोंडाकडे बघायचं भयही नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, मासा रुसला होता."

"असं असतं का खरंच?" तो म्हणाला.

"असतं," मी म्हणालो.

म्हणून हे लिहिलं. संपादकांना गमतीजमती हव्या होत्या, त्यांची क्षमा मागतो. हा अंक श्रीरंगच्या पत्त्यावर पाठवायची विनंती मी त्यांना केली आहे. श्रीरंग, तुझ्या आईनं काहीही चुकीचं केलं नव्हतं. तो मासा तिच्यावर रुसला नव्हता. तो तिचा मासाच नव्हता.